अगत्यशील माणसं

“वाढा हो वहिनी, हात आखडू नका. नाचणीची भाकरी आणि गावठी कोंबडीचा रस्सा समोर असताना नको म्हणायला मला काय डॉक्टरनं सांगितलंय?”

माणगावकर सरांनी ताट पुढे केलं. चुलीपाशी बसलेली सगुणावहिनी लाजून हसली आणि तव्यावरची फुगलेली भाकरी तिनं त्यांच्या ताटात टाकली. सर सारवलेल्या जमिनीवर ऐसपैस मांडी घालून बसले होते. बाह्या कोपराच्या वर, नाकाच्या शेंड्यावर घाम, बोटं रश्श्यात बुडालेली. घर धुळाप्पा येडग्यांचं. धुळामामा धनगरवाड्यातले सगळ्यात वडीलधारे. ते दाराशी उकिडवे बसून आमच्या ताटांकडे बघत होते. सगुणा झोरे शेजारच्या घरातली. तिचा नवरा मेंढरं घेऊन देशावर गेला होता, म्हणून ती कुणाच्याही घरी पाहुणे आले की भाकऱ्या थापायला यायची.

“मामा, तुम्ही नाही बसत?” मी विचारलं.

“आमचं झालंय, बाई. तुम्ही जेवा.”

अजून ऊन डोक्यावर आलं नव्हतं. इतक्या लवकर यांचं जेवण कधी झालं, असा प्रश्न मला पडला होता. पण सरांनी तेवढ्यात धुळामामांच्या म्हशीची चौकशी सुरू केली. म्हशीचं नाव त्यांना पाठ होतं. तिला झालेलं रेडकू, त्या रेडकाचा लंगडा पाय, पायाला लावलेलं औषध, सगळं पाठ होतं. धुळामामांचा चेहरा हळूहळू सैल झाला आणि घरात हसणं-खिदळणं सुरू झालं.

निघताना मी चपला घालत होते, तेव्हा चौकटीला टेकवून ठेवलेली काठी दिसली. वेताची, टोकाला गेरू फासलेला, वर काळ्या लोकरीचा गोंडा. मागच्या खेपेला आम्ही दुसऱ्या घरात जेवलो होतो, तिथंही दाराशी अशीच काठी होती. त्याच्या मागच्या खेपेलाही.

“सर, ही काठी कसली?”

“देवाची असेल. धनगरांचं सगळं देवाचंच असतं. चल, उशीर होतोय.”

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. भूशास्त्रात बीएस्सी झाले आणि कोल्हापुरातल्या एका संस्थेत लागले, ही माझी पहिली नोकरी. डोंगरातल्या वाड्यांना झऱ्याचं पाणी नळानं द्यायची योजना होती. त्यासाठी कुठला झरा उन्हाळ्यात किती वाहतो, हे पंधरा दिवसांनी जाऊन मोजायचं काम माझ्याकडे होतं. झऱ्याच्या तोंडाशी पन्हळ लावायची, खाली बादली धरायची आणि ती भरायला किती वेळ लागतो ते बघायचं. काम सोपं होतं आणि मला आवडायचं. बादलीला कुणाची भीड नसते.

हेळ्याच्या माळावरचा हा धनगरवाडा आमच्या फेरीतला सगळ्यात उंचावरचा. घरं अकरा. झरा वाड्याच्या बराच खाली, एका घळीत. बायका हंडा-कळशी घेऊन तो चढ दिवसातून अनेकदा चढायच्या. जीप जायची ती अर्ध्या वाटेपर्यंत, पुढं चालत.

माणगावकर सर आमचे प्रमुख. असा माणूस मी आधी पाहिला नव्हता. अनोळखी घरात शिरून ते दोन मिनिटांत घरचे व्हायचे. म्हाताऱ्यांच्या पाठीवर थाप, पोरांच्या हातात गोळ्या, बायकांना वहिनी नाहीतर मावशी. ऑफिसात सगळे म्हणायचे, सरांसारखा दिलखुलास माणूस शोधून सापडायचा नाही. आजही कोल्हापुरात त्यांचं नाव निघालं की लोकांचे चेहरे फुलतात. माझा फुलत नाही.

त्या दिवशी परतताना सर जीपमध्ये पुढं बसले होते. पोटावर हात फिरवत म्हणाले, “इस्माईलभाई, जग फिरा, पण असं अगत्य मिळणार नाही. घरात मूठभर पीठ असेल तरी पाहुण्याला पहिली भाकरी. काय अगत्यशील माणसं!”

“खरं हाय, साहेब,” इस्माईलभाई गिअर टाकत म्हणाले. ते संस्थेचे जुने ड्रायव्हर. सरांना खरं हाय म्हणणं हा त्यांच्या नोकरीचाच भाग होता.

“अगत्य हा शब्द कुठून आला असेल, सर?” मी मागून विचारलं.

“तुला ना, दगड दिसला की फोडायचा आणि शब्द दिसला की सोलायचा! अगं, आगत-स्वागत म्हणतो ना आपण? आगत म्हणजे आलेला, पाहुणा. त्यावरून अगत्य. साधं आहे.”

मला ते पटलं नव्हतं, पण नाही म्हणायला पुरावाही नव्हता.

शिमगा झाला, झऱ्याची धार थोडी बारीक झाली, पण आटली नाही. चैत्राच्या मध्यावर एका खेपेला सर आले नाहीत, त्यांना कुठं तरी व्याख्यान होतं. इस्माईलभाई जीपपाशी थांबले आणि मी एकटी घळीत उतरले. सगुणावहिनी तिथं हंडा भरत बसली होती. तिनं पन्हळ धरली, मी बादली लावली.

“बाई,” ती खालच्या आवाजात म्हणाली, “साहेबास्नी बोकडाचं मटण चालतं न्हवं?”

“चालतं. का हो?”

“फुडल्या खेपंला माझ्याकडं हाय ना तुमचं जेवण. कोंबड्या समद्या मानमोडीनं मेल्या माझ्या. एक बी ऱ्हायली न्हाई. बोकड हाय एक.”

“अहो, कशाला? आम्हाला भाजी-भाकरी पुरे.”

“आसं कसं? समद्यांनी कोंबडं घातलं, आन् मी भाजी घालू?” तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी तिला वाड्याबाहेर काढायची गोष्ट केली होती. “काठी माझ्या दारात हाय.”

मी स्टॉपवॉच बंद केलं. “कसली काठी, वहिनी?”

“पावण्याची. तुमास्नी ठाव न्हाई?” ती हसली. “अवो, आमच्यात लई जुनं हाय ते. प्यांटवाला वर आला की ज्याच्या दारात काठी त्यानं जेवाण घालायचं. फारेस्टवाला आसू दे, देवी टोचणारा आसू दे, तलाठी आसू दे. जेवाण झालं की काठी फुडच्या दारात. माझ्या आजेसासूच्या आधीपास्नं चालत आलंय.”

“आणि नाही घातलं तर?”

“न्हाई घालून कसं चालंल? तलाठ्यानं एकदा उपाशी पोटी जाऊन काय केलं ते धुळामामास्नी इचारा. ज्याच्या हातात आपलं काम, त्येला उपाशी सोडायचं न्हाई.” तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली. “आधी वर्साकाठी दोन-तीन प्यांटवालं यायचं. घराची पाळी चार-पाच वर्सांनी यायची. तुमी पंध्रा दिसाला येता. कार्तिकापास्नं एक डाव पुरा हुत आला. माझं घर शेवटचं.”

धुळामामांचं ते ‘आमचं झालंय’ मला आत्ता कळलं.

“वहिनी, तो बोकड कशासाठी ठेवला होता?”

“पावसाळ्याची बेगमी. इकून तांदूळ भरायचं, ह्यो पाऊस धरला की खाली उतरता येत न्हाई ना आमास्नी. पर आसू दे. पाणी आलं तर बोकड काय, कवाबी मिळंल.”

“हे बघा, पाण्याचा आणि जेवणाचा काही संबंध नाही. मी बादलीत मोजते ते खरं. तुम्ही जेवू घातलं म्हणून झरा जास्त वाहत नाही, आणि नाही घातलं म्हणून कमी होत नाही.”

“तुमी मोजता वो. पर देणारा सायेब हाय न्हवं? माझ्या दारातनं पावणा उपाशी गेला, आन् पाणी गेलं, तर वाड्यात जलमभर नाव कुणाचं निघंल? माझंच.” हंडा उचलता उचलता तिनं आणखी एक गोष्ट सांगितली. “दत्तोबा पाटलाला बी धुळामामांनी न्हाई सांगिटलंय. संस्थेचं पाणी येतंय म्हणून.”

दत्तोबा पाटील म्हणजे वरच्या अंगाला काजूची बाग असलेला शेतकरी. त्याच्या बागेत एक झरा होता, वाड्याच्या डोक्यावर. तिथून पाइप टाकला तर पाणी आपोआप उतारानं वाड्यात येईल. चर तुम्ही खणा, पाणी न्या, असं त्यानं दोनदा विचारलं होतं. मात्र अक्षय्य तृतीयेच्या आत काय ते सांगा, कारण त्यानंतर बाग मुंबईच्या एका पार्टीला जाणार होती, झऱ्यासकट.

“तसं त्यो माणूस खाष्ट हाय,” सगुणावहिनी म्हणाली. “दारात गेलं तर बस म्हणत न्हाई. साहेबांचं कसं ग्वाड असतंय समदं.”

कोल्हापुरात परतल्यावर मला झोप लागेना. दुसऱ्या दिवशी मी सार्वजनिक वाचनालयात गेले, जाडजूड कोश काढून घेतला आणि तो शब्द बघितला. मग संस्कृतचा कोश मागितला. ग्रंथपाल चष्म्यावरून बघत म्हणाले, “परीक्षा आहे का काही?”

“हो,” मी म्हटलं.

पुढच्या खेपेला अक्षय्य तृतीया चार-पाच दिवसांवर होती. सर सकाळपासून खुशीत होते. सगुणावहिनीच्या बोकडाचं मी परतताना इस्माईलभाईंजवळ बोलले होते, त्यांच्याकडून ते सरांना कळलं होतं.

“सर, तो शब्द सापडला,” घाट सुरू होताच मी म्हटलं.

“कुठला गं?”

“अगत्य. आगत-स्वागतातला नाही तो. मूळ शब्द अगत्या. म्हणजे गती नाही म्हणून, दुसरी वाट नाही म्हणून. नाइलाजानं. आपण अगतिक म्हणतो ना, त्याच घरातला. नाइलाजाचं झालं जरुरीचं. लग्नपत्रिकेत छापतात, अगत्य येण्याचे करावे, तिथं अजून तोच अर्थ आहे, जरूर या. त्या जरुरीची पुढं कधीतरी आपुलकी झाली.”

सर खो खो हसले. “कोश लिहिणाऱ्यांना कुणी जेवायला बोलावत नसणार, इस्माईलभाई! नाहीतर असले अर्थ सुचतात का?”

“खरं हाय, साहेब.”

मग मी काठीचं सांगितलं. पॅंटवाल्यांचं सांगितलं. अकरा घरांत फिरलेल्या पाळीचं, मेलेल्या कोंबड्यांचं, बोकडावर ठेवलेल्या पावसाळ्याच्या तांदळाचं. सर ऐकताना थोडे गंभीर झाले. मला वाटलं, पोचलं.

“किती सुंदर आहे हे, विनया,” ते म्हणाले. “अख्ख्या वाड्यानं मिळून पाहुणा वाटून घ्यायचा! यावर लिहिलं पाहिजे कुणीतरी.”

“सर, आज तो बोकड कापतील. आपण पोचल्या पोचल्या सांगू या, की पाण्याचा निर्णय जेवणावर नाही.”

“तो निर्णय आता कशावरच नाही गं,” सर खिडकीबाहेर बघत म्हणाले. “हेळ्याचा माळ बसत नाही योजनेत. अकरा घरांसाठी खालून वर पाणी चढवायला पंप मंजूर होत नाही. झरा चांगला आहे, म्हणून तो खालच्या गावाच्या योजनेत धरलाय. तिकडं आपोआप उतरतो.”

जीप एका वळणावर करकरली. इस्माईलभाई या वेळी काही म्हणाले नाहीत.

“हे कधी ठरलं?”

“फेब्रुवारीत.”

“मग मी इतके दिवस...”

“खालच्या गावासाठी मोजतेयस. तू काम चोख केलंस, वाया नाही गेलं.”

“आणि त्यांना कोणी सांगितलं नाही?”

सर मागे वळले. त्यांच्या चेहऱ्यावर खरीखुरी कळवळ होती, आणि तीच मला आजही गिळता येत नाही. “कसं सांगायचं, तूच सांग. दर खेपेला मनात येतं, आज सांगू. मग ती माणसं समोर येतात, हसतात, ताट वाढतात. त्यांचा चेहरा पडलेला मला बघवणार नाही गं. मला कुणाला दुखवायला जमत नाही, स्वभाव आहे माझा.”

“सर, दत्तोबा पाटलांचा झरा हातचा जाईल. त्यांना पाचच दिवसांत सांगायचंय.”

“बघू. जेवणं झाली की मी धुळामामांना एका बाजूला घेऊन हळूच सुचवतो काहीतरी.”

“जेवायच्या आधी सांगा.”

“जेवायच्या आधी?” सर खरंच चकित झाले. “इतक्या प्रेमानं त्यांनी सगळं केलेलं असताना? तू अजून लहान आहेस. माणसं जोडायला वेळ लागतो, तोडायला नाही.”

वाड्यात पोचलो तेव्हा सगुणावहिनीच्या अंगणात सडा घातलेला होता. वर पाणी नाही, आणि अंगणात सडा. बोकड फणसाच्या बुंध्याला बांधलेला होता, समोर टाकलेला पाला चघळत. धुळामामा दगडावर सुरी घासत होते. सगळा वाडा जमला होता, कारण शेवटची पाळी म्हणजे आता निकाल, असं त्यांनी आपसूकच धरलं होतं.

“या साहेब!” सगुणावहिनी पदर सारखा करत पुढं आली. “आज जराबी घाई करायची न्हाई. निवांत जेवूनच जायाचं.”

“वहिनी, हाकलून दिलंत तरी जाणार नाही!” सर म्हणाले आणि सगळे हसले. पाण्याचा तांब्या आला. सरांनी खळखळून चूळ भरली, पायांवर पाणी घेतलं, उरलेलं अंगणात उडवलं. त्या तांब्याकडे मी बघत होते. तो तांब्या घळीतून इथवर किती चढून आला होता, ते मला माझ्या पोटऱ्यांमुळे ठाऊक होतं.

धुळामामा उठले. अंगठ्यानं सुरीची धार बघितली.

“मामा, थांबा,” मी म्हटलं.

“विनया,” सर हळू आवाजात म्हणाले.

“मामा, बोकड कापू नका. पाणी येणार नाहीये.”

सुरी हातात तशीच राहिली. मला वाटलं होतं, आरडाओरडा होईल. एक बाई कडेवरचं पोर नुसतं या कडेवरून त्या कडेवर घेत राहिली.

“तुमच्या वाड्याला योजनेत घेतलेलं नाही,” मी म्हटलं. “घरं अकरा आहेत. पंप मिळत नाही. घळीतला झरा खालच्या गावाला देणार आहेत. तुम्ही काही कमी केलं म्हणून नाही. तुम्ही काही जास्त केलं असतं तरी मिळालं नसतं. दत्तोबा पाटलांना हो म्हणा. आजच.”

धुळामामांनी माझ्याकडे बघितलंच नाही. ते सरांकडे बघत होते.

“कवापास्नं ठाव हाय, साहेब?”

“मामा, तसं नाही ते. वरच्या पातळीवर काही गोष्टी असतात, त्यात अजूनही आपण...”

“कवापास्नं?”

“फेब्रुवारीपासून,” मी म्हटलं.

“म्हंजी माघात,” धुळामामा स्वतःशीच म्हणाले. मग मान वळवून त्यांनी एकेका घराकडे बघितलं. माघानंतर ज्यांची पाळी झाली होती, ती घरं असावीत.

सगुणावहिनी फणसाकडे गेली. दाव्याची गाठ पक्की बसली होती, ती सुटेना, तेव्हा तिनं दातांनी ओढली. बोकड सुटला आणि पाला टाकून गोठ्याकडे गेला.

“वहिनी, रागावू नका हो,” सर पुढे झाले. “इतक्या दिवसांचे संबंध आपले. ते काय पाण्यापुरते आहेत का?”

“मग कशापुरतं हाईत?” सगुणावहिनी म्हणाली.

तिनं रागानं नाही विचारलं. खरंच विचारलं. सर हात पुढं करून काहीतरी सांगायला गेले. ते हात अजून ओले होते. आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक, कोणी त्यांना बसा म्हणत नव्हतं. एक एक करून माणसं आपापल्या दारांकडे वळली. चुलीवर मसाला भाजायला घातला होता तो करपायला लागला, तशी सगुणावहिनी आत गेली आणि तिनं दार लोटून घेतलं.

अंगणात आम्ही दोघंच उरलो.

“समाधान झालं?” सर म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. “बघ काय केलंस. केवढी दुखावली ती माणसं.”

“ती मी दुखावली, सर?”

“माझा राग नाही तुझ्यावर.” त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी डोकं बाजूला घेतलं. “खरंच नाही. तुझं वयच तसं आहे. चल, वाटेत आजऱ्याला काहीतरी खाऊ. सकाळपासून उपाशी आहेस.”

मी आजवर कुणाच्या अंगावर ओरडले असेन, नसेन. त्या क्षणी मला एवढंच कळत होतं, की हा माणूस आता आजऱ्याला जाऊन मिसळ मागवेल, हॉटेलवाल्याच्या मुलाची चौकशी करेल, आणि हॉटेलवाला त्याच्याकडून पैसे घेणार नाही.

धुळामामा घोंगडी खांद्यावर टाकून वरच्या वाटेला लागले होते.

“मी येत नाही,” मी म्हटलं. “तुम्ही जा.”

“कशानं येशील परत?”

“चालत.”

धुळामामांना गाठायला मला पळावं लागलं. त्यांनी मागे बघितलं नाही, पण पावलं थोडी सावकाश केली. काजूची बाग लागली तसा त्या झाडांचा चिकट, गोडसर वास यायला लागला.

दत्तोबा पाटील पडवीत बसून काजूच्या बिया निवडत होते. जाडजूड, उघडेबंब, भुवया पांढऱ्या. आम्ही अंगणात उन्हात उभे राहिलो. त्यांनी बसा म्हटलं नाही. पाणी विचारलं नाही.

“काय?”

“पाटील, त्ये झऱ्याचं...” धुळामामांचा आवाज इतका बारीक झालेला मी कधी ऐकला नव्हता. “बाग दिली का वो तुमी?”

“अक्षय्य तृतीयेला येणारेत मुंबईचे. अजून सही झाली नाही. का?”

“आमास्नी पाणी पायजे हुतं.”

पाटलांनी एक बी डोळ्याजवळ धरून बघितली आणि टाकून दिली. “संस्था देणार होती ना?”

“न्हाई देत.”

पाटील बिया निवडत राहिले. टोपलीत एक, बाहेर एक.

“न्या,” पाटील म्हणाले. “मुंबईवाल्यांच्या कागदात झरा सोडून लिहायला सांगतो. त्यांना नको तर बाग राहू दे माझी मलाच. पण चर तुम्ही खणायचा. माझ्या एका झाडाचं मूळ तुटलं, तर पाइप उपटून ओढ्यात फेकीन. आधीच सांगतो.”

“व्हय, पाटील.”

“ही कोण?”

“पाणी मोजती.”

“मग उन्हात काय करतेय? झरा तिकडं आहे, फणसाच्या पलीकडं. बादली गोठ्यात. उतारही बघ वाड्यापर्यंतचा, यांना काही कळणार नाही त्यातलं. आणि बादली परत जागेवर ठेव.”

मी गोठ्याकडे वळले, तेव्हा पाटील धुळामामांवर खेकसत होते.

“माघात विचारलं, शिमग्याला विचारलं. दोन्ही वेळेला नको म्हणून गेलास. आता धापा टाकत आलायस. दोन महिने काय करत होतास रे तू, धुळाप्पा?”

धुळामामांनी घामानं भिजलेली घोंगडी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“पावणं जेवू घालत हुतो,” ते म्हणाले.